कानावर हात

डिसेंबर. ताम्पेरेत तीन वाजताच दिवे लागतात.
आमचं ऑफिस जुन्या कापडगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर.
खाली धबधबा. त्याचा आवाज आता कुणालाच ऐकू येत नाही.
आम्ही श्रवणयंत्रं बनवतो.
तीनशे दहा माणसं, आणि वकील एक. मी.

माझ्याकडे आधी कुणी येत नाही.
येतात तेव्हा खोकी बंद, चिकटपट्टी लावलेली, ट्रक दारात.
"हिल्का, दोनच मिनिटं. नुसती नजर टाक."
नजर टाकली की नाकं मुरडतात.
बाहेरच्या वकिलाला पन्नास अशिलं,
मला एकच, आणि पगारही तोच देतो.
ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी.
पण टाळी कुठे वाजवू नये
हे सांगायलाच तर मला ठेवलंय.

मंगळवारी पत्र आलं. कागदाचं, शाईचं.
वेइक्को ह्यूत्तिनेन, वय एक्क्याऐंशी, मुक्काम ओरिवेसी.
"तुमच्या यंत्रानं माझं काय काय जपून ठेवलंय ते मला हवंय.
कायद्यानं मिळतं, असं ग्रंथालयातली मुलगी म्हणाली.
खरं सांगायचं तर सिल्वीचा आवाज असेल का तुमच्याकडे?
ती एप्रिलमध्ये गेली.
माझ्या डाव्या बाजूला बसायची."

उत्तर माझ्याकडे तयार असतं. मीच लिहिलेलं.
पान चार, कलम सात:
यंत्र ऐकतं. साठवत नाही.

तरी विचारलं, आपली एक सवय म्हणून.
ओक्को आला, दार लोटून उभा राहिला.
"मार्च ते मे. गोंगाट कमी करायची चाचणी होती.
एक फोल्डर होतं.
म्हणजे, आहे.
बाहेरच्या ठेकेदारालाही उघडं राहिलं बहुतेक."
"किती जणांचं?"
"चारशे बारा."
"त्यांना विचारलं होतं?"

बऱ्याच महिन्यांनी धबधबा ऐकू आला.

बहात्तर तास.
राइमो खुर्ची ओढून बसला. साहेब चिडला की हळू बोलतो.
"उल्लंघन कशाला म्हणतेस? प्रकार म्हण. घटना म्हण.
आणि पुसून टाक ना. तूच शिकवलंस आम्हाला,
गरज संपली की पुसायचं."
बरोबर आहे. स्लाइड एकोणीस, खाली माझं नाव.
माझाच नियम माझ्या अंगावर
इस्त्री करून घातला त्यानं.
"मागणी आल्यावर पुसलं," मी म्हटलं, "तर त्याला वेगळं नाव आहे."
"ते नाव फक्त तुला माहीत आहे, हिल्का."
ह्यावर मी काय बोलणार होते?

खात्री करायला फाइल उघडावी लागली.
क्रमांक दोनशे सात. ऐकायचे होते अकरा सेकंद,
ऐकली चार मिनिटं. हेही नोंदवायला हवं.
कपात चमचा. खुर्ची सरकली.
घरी येणारी नर्स फोनवर कुणाशी तरी
कर्जाच्या हप्त्यावरून भांडतेय.
तिचाही हक्क आहे, तिला कापून काढावं लागेल.
मग एक बाई, खोकत, अगदी जवळून:
"वेइक्को, तुझं ते मशीन शिट्टी मारतंय. नीट बसव."

एवढंच.
मेलेल्यांना हा कायदा ओळखत नाही.
सिल्वी कुठल्याच रकान्यात बसत नाही,
नावापुढे टिक करायला जागाच नाही.

घरी जाताना ओक्को दारात थबकला.
"मी सांगायलाच नको होतं का?"
मी मान हलवली, पण कुठल्या अर्थानं
ते त्याला कळलं नसावं. मलाही.

आता रात्रीचे नऊ. सरकारी अर्ज समोर उघडा.
काय घडलं? (पाचशे अक्षरांत.)
ते लिहून झालं. राइमोची सही नाही, माझी आहे.
दुसरं पत्र राहिलंय.
माननीय ह्यूत्तिनेन,
तुमच्या घरातलं आम्ही ऐकलं. ऐकायला नको होतं.
ते आमच्याकडे आहे.

"सुदैवानं" लिहिलं, खोडलं.
"खेदानं" लिहिलं, तेही खोडलं.