डावा खिसा

जुनी गोळी रात्री नऊला घ्यायची.
रेडिओवर बातम्यांची धून वाजली की
बेकिंग पावडरच्या डब्यातून बाटली काढायची,
आत कापूस कोंबलेला, वाजू नये म्हणून.
चाळीत आमच्या भिंती एका विटेच्या
आणि कान सगळ्यांना दोन.

मग समुद्र यायचा.

मी मापुत्सोएची. आमच्या देशाला किनारा नाही,
डोंगर, आणि डोंगरांपलीकडे दुसऱ्यांचा देश.
पाणी म्हणजे मोहोकारे नदी, हिवाळ्यात घोट्याएवढी.
तरी गोळी पोटात गेली की तासाभरात
खाटेखाली निळं भरू लागायचं.
मासे नावाने हाक मारायचे, पुसेलेत्सो, अगं पुसेलेत्सो,
आणि एकदा तर कंबरभर पाण्यात उभी राहून
मी सुपरवायझरलाच जीन्स विकत होते,
ओल्या, सगळ्या फक्त उजव्या पायाच्या.
सकाळी अंग पोहून दमलेलं असायचं,
डोकं म्हणजे मशीनमध्ये अडकलेला दोरा.

सिस्टर न्थाबेलेंग म्हणाली, नवी गोळी आलीय,
हिने तसली स्वप्नं पडत नाहीत.
खोटं नाही बोलली.
स्वप्नं पडायला आधी डोळा लागावा लागतो.

एक वाजतो.
दोन. पलीकडे लिम्फो
घोंगडी डोक्यावरून घेऊन अशी झोपते
जशी साऱ्या चाळीचं भाडं भरून आलीय.
मी कूस बदलते. खाट कुरकुरते.
माझा भाऊ वर डोंगरात मेंढ्या राखतो.
त्याला कुणी सांगितलं, मेंढ्या मोज, झोप येईल,
तर तो ताडकन उठून बसेल: एक कमी आहे!
मी खिसे मोजते.
दिवसाला सातशे लावते, मागचे, डावे.
उजवे कोण लावतं, माहीत नाही,
ती दुसऱ्या रांगेत बसते.
दोनशेच्या पुढे माझी बोटं
घोंगडीची कड दुमडू लागतात
आणि झोपेचं खोबरं होतं.

तीनला बाहेर मोरीपर्यंत जाऊन येते.
गवतावर दहिवर गोठलेलं, चपलेखाली करकरतं.
अकरा खोल्या. तीन खिडक्यांत उजेड.
एकीतून खोकला, एकीत कुणीतरी
पेल्यात चमचा फिरवतंय, फिरवतच राहिलंय.
आम्ही एकमेकींना विचारत नाही.
कापूस सगळ्याच दुकानांत मिळतो.

महिनाअखेर दवाखान्यात.
"कधी घेतेस?"
"नऊला. पहिल्यासारखी."
सिस्टरने पेन खाली ठेवलं.
"अगं, तिला कामाला लावतेस
आणि स्वतः झोपायला जातेस होय?
सकाळी घे. आणि चारनंतर चहा बंद."
इतकंच होतं.
पाच आठवडे मी छताचे खिळे पाठ केले होते
आणि इतकंच होतं.

आता सहाला, आंबलेल्या ज्वारीच्या मोतोहोबरोबर,
चमचाभर आंबट, मग गोळी, मग पुन्हा आंबट.
पहिल्या आठवड्यात काही नाही.
दुसऱ्यात एक रात्र धड, दोन फुकट.
चहाची तलफ तर विचारूच नका.

लिम्फो एकदा डर्बनला जाऊन आलीय, मावशीकडे.
तिला विचारलं, समुद्र कसा असतो गं?
ती वेणी घालता घालता म्हणाली,
"आपल्या दोन नंबरच्या हॉलसारखा.
सतत घरघर. आणि बंद करायला कुणी नाही."
माझा तर मुका होता.
हे तिला सांगितलं नाही,
मासे बोलायचे तेही नाही.
कधी कधी त्यांची आठवण येते, खरं सांगते.
शहाण्या माणसाने असं बोलू नये.

काल रात्री एकशे चाळिसाव्या खिशावर
काय झालं ठाऊक नाही.
उठले तेव्हा कोंबडा ओरडून गप्प झाला होता
आणि लिम्फो मला हलवत होती, बस चुकेल म्हणून.
हिशेब केला: चार तास.
सलग. कोरडे.
दिवसभर मशीनवर बसून मी ते
डाव्या खिशात सांभाळले.