अस्तर

चिऱ्याचं घर बांधून सहा वर्षं झाली,
अंगावर अजून काही नाही.
शिरोड्यात वारा मिठागरावरून येतो
आणि जाता जाता भिंतीला हात पुसतो.
मागच्या खोलीत, शिलाई मशीनच्या पाठीशी
लोणा चढलाय माझ्या खांद्याइतका.
श्रावणात एका गिऱ्हाइकाचं जरीचं पीस
भिंतीला टेकून राहिलं रात्रभर.
पंधराशे भरून दिले.
त्या दिवशी ठरवलं, गिलावा.

तिघांना बोलावलं.

सावंतवाडीचा मोटारीतून आला.
भिंतीकडे पाठ करून मोबाइलवर चौदाशे फूट मांडले,
म्हणाला एकशे साठ, सगळं धरून.
सगळं म्हणजे काय काय?
सगळं म्हणजे सगळं, ताई.
नवीन होते तेव्हा मीही असंच सांगायचे
लग्नघरच्या बायकांना.

यल्लप्पा विजापूरकडचा. पन्नास, फक्त मजुरी.
सिमेंट तुमचं, वाळू तुमची, परांचीचे बांबू तुमचे.
खरं बोलला तो:
शिमग्यानंतर आम्ही गावाकडे.
तडा गेला तर फोन करा.
नंबर दिला तो मेहुण्याचा.

आरवलीचा इनास मेस्त्री सायकलवरून आला.
दर सांगितलाच नाही आधी.
भिंतीवर बोट घासलं, जिभेला लावलं.
"मीठ," म्हणाला,
"आधी ह्या धुवूक व्हया. ब्रशान."

मग टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
आयुष्यभर बायकांच्या पाठी मोजल्या,
घराची पाठ पहिल्यांदा.
खिडक्या वजा कर, म्हटलं,
तिथे कुठे गिलावा लागतो?
"खिडकी वजा करूची नाय, बाय.
सपाट भिंत कोणय करता.
कोपरे बसवूक दीस जाता."
मी गप्प.
गळ्याचं कापड कापून टाकते मी,
पण शिलाईतून कधी वजा केलंय?
गळ्याचेच तर पैसे घेते.

एकशे पाच, मालासकट. नदीची वाळू.
"दर्याची रेव घातलंस तर वरसात पोपडे सुटतले."
खांब आणि चिरा जिथे भेटतात तिथे जाळी,
तिचे वेगळे.
पाणी मारायचं मी, सात दिवस, दिवसातून तीनदा,
"ता माझ्या रेटात नाय."
आणि नाताळात तो येणार नाही,
हेही आत्ताच सांगून ठेवलं.

एक लाख सत्तेचाळीस हजार.
डब्यातले आणि थोरल्याने वेर्ण्याहून पाठवलेले
मिळून ऐंशी.

जाऊ म्हणाली, दर्शनी भिंत कर आधी,
वर एक हात रंग,
जत्रेला पाव्हणे येतात.
तिचा नवा ब्लाउज माझ्या मांडीवर होता, उलटा.
मी त्याचं अस्तर दाखवलं तिला.
हे कोण बघतं?
घाम पहिला कुणाला लागतो?

पश्चिमेची आणि दक्षिणेची. सातशे फूट.
साडेत्र्याहत्तर हजार.
उरलेल्यात बांबू, जाळी
आणि विहिरीवरच्या पंपाची दुरुस्ती.

मार्गशीर्षात पहाटे पाइप घेऊन उभी राहायचे मागे.
ओल्या सिमेंटचा वास,
भिंत पाणी पीत असल्याचा बारीक चर्र आवाज.
पाठ बघायला होते कावळे, दोन माड,
आणि पलीकडे समुद्र, ज्याच्यासाठी हा खर्च.

शेवटच्या दिवशी इनासने सज्जाच्या खालून
दोरी धरून एक खाच ओढली, अंगठ्याएवढी.
हे काय?
"पाणी आत येता येता हयसर अडखळता. खाली पडता."
सांगितलेलं नव्हतं, दरात नव्हतं.
हाताने घातलेली एक टीप, म्हणा.

त्याच्या सदऱ्याची कॉलर विरली होती.
हात धुवायला गेला तेवढ्यात
उसवली, उलटी केली, शिवली.
हिशेबात धरली नाही मी.
तोही काही बोलला नाही,
मान दोनदा फिरवून बघितली फक्त.

पोस्टमन परवा दारात थांबून म्हणाला,
काम सुरू कधी करताय?