एकतारी

एकतीस वर्षं देओलिंदा रात्री दोनला उठली.
अंड्यांचे बलक, साखरेचा पाक,
आणि पाकाची तार बघायला
अंगठा नि तर्जनी.
थर्मामीटर हा तिला अपमान वाटायचा.

गेल्या हिवाळ्यात बोटं तार विसरली.
सकाळी मूठ मिटेना.
सांधे गरम, भट्टीचा पत्रा असतो तसे,
विझवून तास झाला तरी.

आवेइरूच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी
कागद पुढे सरकवला.
रक्तातला दाहाचा आकडा: बावीस.
हवा पाचाच्या आत.
"आग नाही ही. विझायचं विसरलेला निखारा आहे."
गोळ्या दिल्या. मग यादी.
यादी वाचून देओलिंदा हसली,
"म्हणजे माझं दुकानच सोड म्हणा ना."

मी मिठागरातला माणूस.
आगीतलं मला कळत नाही, पाण्यातलं कळतं:
फळी बोटभर उचलायची,
या खणातलं त्या खणात हळू सोडायचं.
घाई केली की चिखल वर येतो.

आधी झोप. रात्रपाळी भाच्याला, झेफेरीनोला दिली.
तरी दोनला ही टक्क जागी,
अंधारात कान भट्टीकडे.
मग पांढरा पाव गेला, मक्याची भाकर आली,
सार्डिन, हरभरे, परसातला हिरवा कोबी,
पुन्हा कोबी.
मी होडीच्या छपराखाली लपून सॉसेज भाजलं एकदा.
मफलरीला वास होता.
ती काही बोलली नाही, फक्त
संध्याकाळी बांधावर चालताना
माझ्या पुढे पुढे गेली,
मिठाच्या तिसऱ्या ढिगापर्यंत, न थांबता.

मार्चमध्ये एकोणीस.
जूनमध्ये, बारशाच्या जेवणानंतर, परत बावीस.
त्या रात्री तिने यादी चुलीत घातली
आणि सकाळी, आठवून आठवून, पुन्हा लिहून काढली,
स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात.

सप्टेंबरात नऊ.
"नऊ म्हणजे पाच नव्हे," डॉक्टरीणबाई.
"बावीसही नव्हे," देओलिंदा.

काल झेफेरीनोचा पाक बिघडत होता.
ती स्वयंपाकाचा डगला न घालताच आत गेली,
थेंब चिमटीत धरला, बोटं उघडली.
तार निघाली. लांब. तुटेना.
"उतरव आता," म्हणाली,
आणि नळाखाली हात धरला.

त्याआधी बोट चाटलं का,
मी दारातून पाहिलं होतं.
सांगणार नाही.