नवतपा

एकतीस वर्षं सोनेगावच्या वेधशाळेत
मी रोज दोन आकडे लिहिले :
कमाल आणि किमान.
झडपांच्या पांढऱ्या पेटीपाशी वाकून,
पाऱ्याच्या टोकाशी डोळा एका पातळीत धरून.
डोळा वर राहिला की पारा खोटं बोलतो,
ही पिंपळापुरे साहेबांची पहिली शिकवण.

म्हणून पंकज लांजेवारनं मोबाइलवर मेणबत्ती दाखवली,
"काका, वात वर गेली ते दिवसाचं सगळ्यात वरचं,
खाली गेली ते सगळ्यात खालचं,"
तेव्हा शिकण्यासारखं फार उरलं नव्हतं.
पारा फक्त हिरवा-लाल झाला होता.

खामल्याच्या घरात कूलर घुमतो.
टेबलावर वही : गोंडवन ट्यूब्स, साठ शेअर,
घेतले एकशे ऐंशीला.
आज दोनशे एकतीस.

पंकज म्हणतो, "आरएसआय सत्तरच्या पार गेला न काका,
तापून राहिला शेअर. विकून टाका, पडते आता."
बाबा रे, तू नागपूरचाच ना?
पंचेचाळीस झाले म्हणून
उद्या चाळीस होतात का इथे?
नवतपा नऊ दिवसांचा म्हणतात,
तेरा दिवसही चाललेला मी लिहिला आहे.
तापलंय, एवढंच तो आकडा सांगतो.
निवेल कधी, हे त्याच्या खात्यात नाही.

तो हसतो. "मंग सरासरी पाहा, दोनशे दिवसांची."

सरासरी माझ्या ओळखीची बाई आहे.
सावकाश चालते, मागे पाहत,
सगळं होऊन गेल्यावर येते
आणि बरोबर असते.

पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही.
ब्याण्णवच्या मेमध्ये, साडेपाचच्या नोंदीला
मी पेटीपर्यंत गेलोच नाही.
बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं,
आत माठ होता,
आणि घरी मुलीला गोवर, रात्रभर जागरण.
आदल्या दिवशी ४५.२ होतं. मी ४५.४ लिहिलं
आणि सही केली.
तो आकडा वर गेला, पुण्याला गेला,
शहराच्या सरासरीत अजून बसून आहे.
कुणी उठवलं नाही त्याला.
सरासरीचं काही बिघडलंही नाही,
हेच मला जास्त खुपतं.

आता आलेखावर रेघ ओढताना
एखाद्या मेणबत्तीपाशी हात थांबतो :
इथे कोण उठलं नव्हतं खुर्चीवरून?
आधाराची पातळी, पंकज म्हणतो,
तीनदा टेकून भाव वर आला.
तीनदा, हो.
टेकवणारे हात कुणाचे?

तरी ओढतोच. फूटपट्टी खात्याची,
निवृत्तीच्या दिवशी परत करायची राहिलेली.
दोनशे बाराला स्टॉपलॉस.
दिवाळीआधी असाच लावला होता दुसऱ्या एकाला :
भाव खाली येऊन नेमका तेवढाच शिवला,
मला डावातून बाहेर काढलं
आणि वर पळून गेला,
शिवाशिवी खेळणाऱ्या पोरासारखा.

शेवटी चाळीस विकले, वीस ठेवले.
यामागे कुठलाही निर्देशक नाही.
माझं वय आहे,
आणि कुमुदिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन.

साडेतीनला बाजार मिटला.
ती पन्हं घेऊन आली. "बरोबर केलं का हो?"
पूर्वी शेजारी पावसाचं विचारायचे,
तसंच तोंड करून.
मी गॅलरीतल्या थर्मामीटरपाशी गेलो, वाकलो,
डोळा पातळीत आणला.

"दोनशे दिवसांनी सांगतो," म्हटलं.