वल्हेवाला तात्या

रेवण, गुडघ्याला बर्फ लावून
भिंतीकडं तोंड करून पडलायस, पड.
पण एक पिक्चर सांगतो, तेवढं ऐकून घे आत्याचं.
चिनी आहे. मारामारीचा.
खरं नाव मलाबी येत नाही,
कॅसेटवर तीन अक्षरं होती, चिमणीच्या घरट्यांसारखी,
आणि आमच्या अण्णांनी फळ्यावर खडूनं लिहिलं,
वल्हेवाला तात्या. जबरदस्त फायटिंग. दर दोन रुपये.

गंगावेशीच्या मागं आमचं व्हिडिओ सेंटर.
वर ताडपत्री, बाकडी तालमीतनं मागून आणलेली.
मी तिकिटाच्या खिडकीत, चौदा वर्षांची.
आत पोरींनी बसायचं नाही,
म्हणून पडद्याची कड बोटभर सरकवून
बाजूनं बघायचो.
अकरा दिवस, तेहतीस खेळ.
बाजूनं बघितलं की टीव्हीतली माणसं
उभ्या उसासारखी बारीक दिसतात.

गोष्ट एवढीच.
म्हाताऱ्यानं तलवार विकली, नाव घेतली.
आता लोकांना या काठावरनं त्या काठाला सोडतो.
जुने वैरी काय सोडत नाहीत त्याला.
भाषा कुणाच्या बापाला येत होती?
जो तो आपल्या मनातलं त्यांच्या तोंडी घालायचा.
तात्या वल्ह्यानं मारतो.
मारतो कसला, लोटतो,
पाण्याला लोटावं तसं.

पैलवान बाकड्यावरनं ओरडायचे,
"ढाक! ढाक लावली बघ!"
"ढाक न्हवं येड्या, निकाल!"
महिपती वस्ताद मागं उभे, कान मोडलेले,
एकदाच बोलले :
"हाताकडं काय बघताय लेकांनो.
पाय बघा.
जमिनीवर आलाय, पर डावा पाय अजून नावंतच हाय."
त्या दिवसापासनं मी तात्याचा हात बघितलाच नाही,
सत्तेचाळिसाव्या मिनिटापर्यंत.

तिथं मिठाच्या गोदामात मोठी झुंज आहे.
पोती फाटतात, सगळं पांढरं,
आणि पांढऱ्यावर पावलं, नुसती पावलं.
त्याचं सगळेच सांगतील तुला.
मी सांगतो ते त्यानंतरचं.
तात्या पायरीवर येऊन बसतो.
कुणीतरी चहाची वाटी देतं.
आणि त्याचा हात थरथरतो,
वाटी तोंडापर्यंत जातच नाही,
चहा मनगटावरनं बाहीत उतरतो.
ज्याला लोळवला त्याचीच पोरगी येते
आणि काही न बोलता वाटीला खालनं हात लावते.

आपली पब्लिक हसायची.
तीन दिवस हसली.
चौथ्या दिवशी दादू मगदूम उठून बाहेर आला.
आदल्या रविवारी मैदानात
साडेतीन मिनिटांत चितपट झालेला गडी.
खिडकीशी येऊन म्हणाला, "पाणी दे गं."
पेला दोन्ही हातांनी धरला त्यानं.
मी बघितलं.
बघितलं नाही असं दाखवलं.

शेवटची दहा मिनिटं मशिननं खाल्लेली.
नुसती मुंग्यांची पळापळ.
मग अण्णा दारात उभे राहून शेवट सांगायचे,
रोज नवा.
शाळेच्या पोरांना तात्या सगळ्यांना बुडवून मारायचा.
भाजीवाल्या बायकांना त्याचा हरवलेला मुलगा सापडायचा.
दादूला नुसतं म्हणाले,
"नाव लागली बघ पलीकडं."

परवा तुझ्या त्या इरफाननं
मोबाईलवर अख्खा पिक्चर शोधून दिला.
चाळीस वर्षांनी समोरनं बघितला,
आणि तात्या केवढा आडवा माणूस निघाला रे!
पोट सुटलेलं, मान नाहीच.
हसून हसून डोळ्यांत पाणी.
शेवटबी बघितला.
अण्णांच्या एकाशीही जुळत नाही.
सांगणार नाही.

आता वळ इकडं.
गुडघ्याखाली ही उशी घे.
फोन एवढासा आहे,
दोघांनी बघायचं म्हणजे
एकाला बाजूनं बघावं लागणार.
बाजूची जागा माझी.