मेखा

तंबू परत आला की आधी झटकायचा.
पाइनच्या सुया, मेलेले डास,
कुणाचं तरी केसांचं रबर.
मग मेखा मोजायच्या. आठ.
सात भरल्या तर आयली पाच डॉलर लावते,
सोबत रडवेलं मूल असेल तर लावत नाही.

जूनपासून माझ्या हातांना ब्लीचचा वास आहे.
पहाटे साडेचारला लायल ट्रक सुरू करतो,
मागच्या गाड्यावर सहा होड्या पालथ्या,
आणि आम्ही झोपेतच दोऱ्या आवळतो,
गाठ आधी हातांना कळते, डोळ्यांना नंतर.

शिकागोहून माणसं येतात, ओमाहाहून येतात,
कोऱ्या बुटांनी, एकांत हवा म्हणून.
आम्ही तो बांधून देतो.
पिशव्यांवर मार्करने वार,
ओटमील, चीज, कांदे चार,
नकाशावर लाल ठिपके, इथे चूल आहे,
इथे खांद्यावर होडी घेऊन अर्धा मैल चिखल,
इथे एक अस्वलीण पिल्लं घेऊन हिंडते.
"तुमची मजा आहे, तुम्ही रोजच जात असाल आत!"
ब्रॉन्विन हसून हो म्हणते.
या उन्हाळ्यात तिनं वल्हं धरलंय
ते पॉलिश पेपरनं घासायला.

शनिवारी सौना तापते.
अंग लाल झालं की धक्क्यावरून धावत काळ्या पाण्यात,
आणि पलीकडून लून पक्षी ओरडतो.
तो हसतो की रडतो, यावर कोडी आणि लायलची पैज आहे.
तीन उन्हाळे झाले, पैसे बरणीतच.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हाल्वर्सन बंधू.
कार्डावर दरवर्षीचंच:
दोन माणसं, सहा दिवस, कॉफी जास्त, मनुका नकोत.
मी तसं भरलं.
गाडीतून एकटा धाकटा उतरला, पंचाहत्तरीचा.
आयलीनं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी पिशवीची दोरी सोडायला वाकले, निम्मं काढून घ्यायला.
"राहू दे," तो म्हणाला,
"पुढे वजन नसलं की होडीचं नाक वर उचलतं,
वाऱ्यात सरळ जात नाही."
लायलनं काही न विचारता
ती पिशवी पुढच्या बैठकीवर नेऊन ठेवली
आणि पट्ट्यानं बांधली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी तो आला.
सोमवार ते शनिवार, प्रत्येक पिशवी अर्धी,
तोंडाला चिमटा लावून बंद.
पण मग दोन्ही काळे.
दोन्हींच्या तळाशी कॉफीचं कडं.
एक मी धुतला.
दुसरा हातात धरून उभी होते,
तोवर टबातलं पाणी गार झालं.

आयलीनं बिल एकाचं केलं, त्यानं पैसे दोघांचे काढले.
काउंटरवर त्या नोटा बराच वेळ
इकडून तिकडे सरकत राहिल्या,
शेवटी कुणाच्याच न होता
बिस्किटांच्या डब्याखाली गेल्या.

रात्री उरलेलं आम्ही खाल्लं,
बंकवर मांडी घालून, पातेल्यातूनच.
कोडीनं विचारलं, "मनुका नको असायच्या कुणाला?
याला, की त्याला?"
आयलीला आठवेना. लायलला तर माहीतच नव्हतं.
वीस वर्षं आम्ही दोघांच्याही वाटच्या वेचून काढत होतो.

सकाळी त्याचा तंबू दोरीवर टाकला.
झटकला. सुया, थोडी राख.
मेखा मोजल्या. पुन्हा मोजल्या.
नऊ.
नववी जुन्या घडणीची, गंजलेली, जराशी वाकडी,
आयली म्हणाली, असल्या आपण
ती धंद्यात नवी होती तेव्हा द्यायचो.
कुठल्या बेटावर, कुठल्या मुळाखाली सापडली असेल,
की त्याला ठाऊकच होतं कुठे उकरायचं.
जास्तीच्या मेखेला आयलीकडे दर नाही.
तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली
आणि म्हणाली, चला,
ओमाहावाले आले.