ठसा जुळत नाही

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत
माझं ई-सेवेचं दुकान, दहा बाय आठ.
एक स्कॅनर, एक पंखा, एक बाकडं
आणि बाकड्यावर पाचनंतर जगाचे सगळे प्रश्न.

आज प्रश्न स्वतःच चालत आला.
इराप्पा कोरे, वय अडुसष्ट, डोक्याला टॉवेल.
पेन्शनसाठी हयातीचा दाखला पाहिजे,
म्हणजे आपण जिवंत आहोत
हे यंत्राला पटवून द्यायचं.

अंगठा. लाल दिवा.
तर्जनी. लाल दिवा.
मी बोट ओल्या फडक्यानं पुसलं, लिंबू चोळलं,
दोन्ही तळव्यांत धरून ऊब दिली.
ठसा जुळत नाही.
चाळीस वर्षं हळकुंडं चाळून, घासून, पोत्यांत भरून
रेषाच उरल्या नाहीत.
पिवळी बोटं, कृष्णेतल्या गोट्यांसारखी गुळगुळीत.

मगदूम वकिलांनी चष्मा कपाळावर नेला.
"सात वर्षं ज्याची खबरबात नाही
त्यालाच कायदा मेला असं मानतो.
हा तर रोज चार वाजता चहाला येतो!"

मुजावर सरांनी एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं.
ते यंत्राची बाजू घेतात, कुणीतरी घ्यायला हवी म्हणून.
"ते खोटं बोलत नाही. ते म्हणतंय, मला दिसत नाही.
'दिसत नाही'चं 'नाहीच' केलं
ते ऑफिसातल्या माणसानं.
शंभरात दोन-चार चुका धरूनच बनवतात हो."
त्या दोन-चारांत आपण असलो तर, सर?
हे मी म्हणाले नाही. मी लिंबू पिळत होते.

कुंभोजकर मॅडमचा तत्त्वज्ञानाचा विभाग
तीन विद्यार्थी उरले तेव्हा बंद पडला.
आता त्या इंग्रजी बोलायला शिकवतात.
"रेषा गेल्या, तरी माणूस तोच कशावरून?
आठवणीवरून म्हणाल,
तर ती काय झिजत नाही?"
"मॅडम," इराप्पा म्हणाला, "आणखी नका झिजवू मला."

हसलो सगळे.
मग त्यानं डोक्यावरचा टॉवेल सोडला,
वकिलांचा हात त्याच्याखाली ओढून घेतला.
"पूर्वी सौदे असे व्हायचे."
वर दोघांचे चेहरे, काही चाललंच नाही असे.
खाली दोन बोटं दाबली, एक सोडलं,
तळव्यावर टिचकी.
"किती झाले?"
वकिलांना कळलं नाही.
"साडेसात हजार. लाखांचा माल उठलाय ह्या बोटांवर.
सही नाही, साक्षीदार नाही.
बोट जुळत नाही असं कुणी म्हटलं नाही कधी."

"कोर्टात टिकलं नसतं," वकील म्हणाले.
"आणि ज्याची हळद, त्याला काय दिसायचं?" सर उसळले,
"फक्त टॉवेल! उजेडात भाव फुटावा
म्हणून तर पडदा आला ना लिलावाला?"

इराप्पानं टॉवेल झटकला.
पिवळी धूळ पंख्याच्या वाऱ्यात फिरत राहिली.
"ते खरंय," बऱ्याच वेळानं म्हणाला.
"मीही दाबलंय बोट, दाबू नये तिथं."
त्यावर कुणालाच काही सुचलं नाही.
मॅडमनासुद्धा.

मी डावा हात मागितला.
मधलं. लाल. अनामिका. लाल.
करंगळी.
हिरवा.

"ही होय!" इराप्पा करंगळीकडे बघत राहिला.
"हिनं जन्मात काही काम केलं नाही."
सर शक्याशक्यतेचं काहीतरी सांगू लागले,
मॅडमनी पर्समधून वही काढली,
वकील म्हणाले, थांबा, इथंच खरा मुद्दा आहे.

दाखल्याचे तीस रुपये. त्यानं वीस दिले.
माझ्या रजिस्टरात मात्र अंगठाच लागतो,
तो रकाना वरून छापून आलाय.
शाईचा नुसता गोल उमटला,
आत काही नाही, कडेला थोडी हळद.
मी शेजारी लिहिलं: माझ्यासमोर.
खाली सही केली, तारीख घातली.

"हे चालेल का?" मी विचारलं.
पण ते तिघं तोवर बरेच पुढे गेले होते.